चाळणीखालचा कोळसा

१/
बांधकामावर वाळू चाळण्यासाठी तिरकी उभी केलेली जाळी आपण सर्वांनी पाहिली आहे. फावड्याने वाळू तिच्यावर फेकली की बारीक वाळू आरपार जाते आणि गोटे घरंगळत पायथ्याशी येतात. याच साधनाच्या थोरल्या लोखंडी भावंडाने एकेकाळी वेल्स आणि अमेरिकेतील खाणकामगारांची मजुरी ठरवली. त्यावरून तंटे झाले, कायदे झाले, एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. हा धागा त्या चाळणीच्या इतिहासाचा आहे; आणि शेवटी माझ्या एका चुकीचाही.

२/
खाणीतील चाळणीची जुनी चित्रे पाहायची असतील, तर गेऑर्ग अ‍ॅग्रिकोला या जर्मन विद्वानाचा 'दे रे मेतालिका' हा लॅटिन ग्रंथ उघडावा. तो १५५६ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, बाझेल येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या आठव्या भागात खनिज निवडणे, भाजणे, कुटणे, चाळणे आणि धुणे यांचे सविस्तर वर्णन आहे. सोबतच्या ठसेचित्रांत हाती चाळण्या घेतलेली माणसे पाहताना आपल्याला आपले खळे आठवते.

३/
पुढे वाफेचे इंजिन आले आणि चाळणी हातातून सुटून यंत्र झाली. तिचे ठळक प्रकार तीन. पहिला, उतारावर समांतर बसवलेल्या लोखंडी गजांचा. दुसरा, छिद्रे पाडलेल्या पत्र्याचे किंवा जाळीचे फिरते पिंप. ते किंचित कलते ठेवतात, म्हणजे माल फिरत फिरत पुढे सरकतो. तिसरा, हलत्या वा थरथरत्या जाळीचा. आजच्या खडी क्रशरवर तोच दिसतो. तत्त्व मात्र तिन्हींचे एकच: छिद्राहून लहान ते खाली, मोठे ते वर.

४/
मग प्रश्न उरतो तो छिद्राचा. जाळीचा 'मेश' म्हणजे एक इंच लांबीत किती छिद्रे, तो आकडा. परंतु तार जाड असेल तर छिद्र लहान होते. म्हणून मेश सारखा असूनही दोन चाळण्या वेगवेगळा निकाल देऊ शकतात. ऑस्ट्रियाच्या पेटर फॉन रिटिंगर याने १८६७ मध्ये छिद्रांची शिस्तबद्ध श्रेणी मांडली. तिच्यात प्रत्येक पुढचे छिद्र मागच्याच्या दोनच्या वर्गमूळपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने दुप्पट असते. विज्ञानाने छिद्राला शिस्त लावली ती अशी. खाणीच्या तोंडाशी मात्र छिद्राचा आकार ठरवण्यामागे वेगळीच कारणे होती.

५/
तिथे कोळसा होता. मोठ्या ढेकळांच्या फटींतून हवा खेळते आणि भट्टी नीट पेटते. बारीक कोळसा गच्च बसतो, हवा कोंडतो आणि बराचसा न जळताच जाळीतून राखेत पडतो. म्हणून ढेकळांना चांगला भाव मिळे, बारीक कोळशाला कमी. पण कमी भाव म्हणजे शून्य भाव नव्हे. बारीक कोळशालाही गिऱ्हाईक असे आणि खाणमालक तो विकत. एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे.

६/
कोळसा खणणाऱ्याला बहुधा टनावर मजुरी मिळे. त्याची भरलेली गाडी वर आली की ती गजांच्या चाळणीवर ओतत. ढेकळे उतारावरून घसरत पुढे जात आणि त्यांचे वजन होई. गजांमधून पडलेला कोळसा वेगळा साठे. अनेक खाणींत पैसे मिळत ते फक्त वर राहिलेल्या कोळशाचे. खाली पडलेला कोळसाही त्याच माणसाने, त्याच अंधारात खणलेला असे. पण हिशेबाच्या वहीत तो कोणी खणलेलाच नसे.

७/
दक्षिण वेल्समध्ये या व्यवस्थेचे एक यंत्रच होते. चाळणीतून पडणारा बारीक कोळसा पेटीत धरून ते त्याचे वजन करी आणि ते वजन गाडीच्या एकूण वजनातून वजा होई. त्याचे नाव 'बिली फेअरप्ले'. फेअरप्ले म्हणजे न्यायाचा खेळ! हे नाव कोण कौतुकाने उच्चारत असेल आणि कोण दातओठ खाऊन, याची कल्पना करता येते. बारीक कोळसा गाडीत येऊच नये म्हणून तिथल्या कामगारांना फावड्याऐवजी एका बाजूने उघड्या पेटीत हातांनी ढेकळे ओढून गाडी भरावी लागे.

८/
ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने कामगारांना आपला स्वतःचा वजन-तपासनीस नेमण्याचा अधिकार मिळाला. १८८७ च्या कायद्याने तो अधिक पक्का झाला. त्याचा पगार कामगारच देत. काट्यापाशी आपला एक डोळा असावा, यासाठी त्यांनी केलेली ही धडपड होती. तरीही अडचण उरली. जिथे चाळणी काट्याच्या आधी येते, तिथे काटा कितीही प्रामाणिक असला तरी तो उरलेल्याचेच वजन सांगतो.

९/
आता अटलांटिकपलीकडे जाऊ. जानेवारी १८९८ मध्ये शिकागो येथे खाणमालक आणि संयुक्त खाणकामगार संघटना यांच्यात चार राज्यांसाठी करार झाला. आठ तासांच्या दिवसासाठी तो इतिहासात गाजला. मला त्यातले चाळणीचे कलम अधिक बोलके वाटते. ओहायो आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियासाठी चाळणी ठरली: ६ फूट रुंद, १२ फूट लांब, गजांमधील अंतर सव्वा इंच. इलिनॉयमध्ये मात्र न चाळलेल्या कोळशावरच मजुरी द्यायची, असे ठरले.

१०/
त्या कलमात आणखी एक अट आहे: गज जागचे हलू नयेत म्हणून त्यांना खालून पुरेसे आधार असावेत. ही अट वाचताना मी थबकलो. करारात एखादी क्षुल्लक गोष्ट लिहावी लागते, तेव्हा तिच्यामागे सहसा जुने भांडण असते. आधार नसलेले गज वजनाने वाकतात, फटी रुंदावतात आणि अधिक कोळसा खाली जातो. कोणाला उघड फसवावे लागत नाही. दुरुस्ती लांबणीवर टाकली तरी पुरते. पाव इंचाच्या फरकात किती घरांची भाकरी मावत असेल!

११/
चाळणीची दुसरी मर्यादा पूर्व पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइट खाणींत दिसते. तिथे कोळसा फोडून आकारांनुसार वेगळा करत. त्या आकारांची नावे घरगुती: अंडे, चेस्टनट, वाटाणा, तांदूळ. पण चाळणीला आकार कळतो, जात कळत नाही. कोळशाएवढाच दगड कोळशासोबतच येतो. तो वेचायला घसरत्या कोळशावर ओणवी मुले बसवत. १८८५ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना तिथे कायद्याने बंदी झाली. तरी लुईस हाइनने जानेवारी १९११ मध्ये पिट्सटनजवळ टिपलेल्या छायाचित्रांतील काजळलेले चेहरे कोवळ्या मुलांचेच आहेत.

१२/
मजुरीच्या प्रश्नाकडे परत येऊ. इलिनॉय राज्याने कोळसा चाळण्याआधी तोलण्याची सक्ती केली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. युक्तिवाद असा: मालक आणि मजूर यांनी आपसात काय ठरवावे, त्यात राज्याने पडू नये. १९०५ मध्ये याच 'कराराच्या स्वातंत्र्या'च्या नावाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांचे तास मर्यादित करणारा कायदा मोडीत काढला. इतिहासाचे विद्यार्थी तो खटला 'लॉकनर' या नावाने ओळखतात.

१३/
त्याच १९०५ मध्ये आर्कान्सा राज्याने कायदा केला: भूगर्भात दहा किंवा अधिक माणसे राबणाऱ्या खाणीत, मजुरी वजनावर असेल तर कोळसा चाळण्याआधी तोलावा. मॅकलीन नावाच्या खाण-व्यवस्थापकाला त्याखाली दंड झाला. खटला वर गेला. ४ जानेवारी १९०९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. वजनात लबाडी होऊ नये म्हणून विधिमंडळाला असा नियम करता येतो, असा निकालाचा आशय होता. निकालपत्र न्यायमूर्ती डे यांचे. दोन न्यायमूर्ती असहमत राहिले. त्यांतले एक, पेकहॅम, हे लॉकनर निकालाचे लेखक.

१४/
मालकांचीही बाजू होती आणि ती नोंदवली पाहिजे. सगळ्याच कोळशाचे पैसे मिळाले तर कामगार सुरुंगाची दारू बेसुमार भरतील, ढेकळांचा चुरा होईल आणि खाणीत धोका वाढेल, असे ते म्हणत. ही भीती अगदीच खोटी नव्हती. ओहायोने १९१४ मध्ये न चाळलेल्या कोळशावर मजुरीचा कायदा केला, तेव्हा बारीक कोळशाचे किती प्रमाण चालावे हे ठरवण्याचे काम एका आयोगाकडे सोपवले. तोही कायदा १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. म्हणजे छिद्राचा निर्णय पहिल्यांदाच उघड्यावर, कारणे देऊन घ्यावा लागला.

१५/
आता माझ्या चुकीकडे येतो. माझी आजी माणदेशातली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मौखिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी तिची मुलाखत घेतली. मला हवी होती ती सुकडी, आटलेल्या विहिरी, चारा छावण्या, गाव सोडून गेलेली माणसे. ती मात्र पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येई. ढीग मोजण्याआधी मुकादम खडी तिरक्या जाळीवरून टाकायला लावी. खाली पडलेली कच मापात धरत नसत.

१६/
"फोडली आमीच. वरली तेवढी आमची, मग खालची कुनाची रं?" हे तिचे शब्द मला पाठ आहेत, कारण ते घरात आम्ही असंख्य वेळा ऐकले होते आणि हसण्यावारी नेले होते. मुलाखत लिहून काढताना मी तो सगळा भाग गाळला. त्या जागी चौकटी कंसात माझ्याच अक्षरात एवढेच आहे: [मजुरीविषयी किरकोळ तक्रार]. नंतर फोन बदलला आणि मूळ ध्वनिमुद्रण गेले. गेल्या हिवाळ्यात आजीही गेली.

१७/
मॅकलीन खटला मी त्यानंतर वाचला. आजीचा प्रश्न जसाच्या तसा वॉशिंग्टनच्या न्यायासनापुढे उभा होता. ज्याला मी किरकोळ म्हटले, त्याच्यासाठी चार राज्यांचे खाणकामगार कराराच्या टेबलावर गजांमधले अंतर मोजत बसले होते. कोणत्या कामावर, कोणत्या महिन्यात, एका ब्रासमागे किती कच बाजूला पडे, हे तिला ठाऊक होते. मला ते आता कोणाला विचारता येत नाही. ती चाळणी मुकादमाची नव्हती, माझी होती.

१८/
एक गोष्ट वडिलांकडून कळली. ते खडी क्रशरवर ऑपरेटर आहेत. जुन्या पद्धतीच्या खडीच्या रस्त्यावर आधी मोठी खडी पसरून रोलर फिरवत. मग तिच्या फटींत बसण्यासाठी कच आणि मुरूम टाकत, पाणी मारत आणि पुन्हा दाबत. कचेवाचून खडी बसत नाही, चाकाखाली निसटते. म्हणजे आजीच्या मापातून वगळलेली कच बहुधा त्याच रस्त्यात गेली असणार. आज वडिलांच्या क्रशरवर सर्वांत खालच्या जाळीतून पडणारा माल क्रश सँड म्हणून विकला जातो आणि त्याचा ट्रक रिकामा उभा राहत नाही.

१९/
एवढ्या वाचनातून मी एक सवय लावून घेतली आहे. मजुरीचा कोणताही आकडा समोर आला, की दर किती होता हे विचारण्याआधी माप कशाचे होते हे विचारायचे. टन म्हणजे कोणता टन, चाळण्याआधीचा की नंतरचा? ब्रास कोणी भरला, कोणी मोजला? आकडेवारीच्या तक्त्यात दर सापडतो. छिद्राचा आकार क्वचितच सापडतो.

२०/
तुमच्या घरी बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर गेलेले कोणी असेल, तर त्यांना एवढेच विचारा: मोजणी कशी होत असे, आणि मोजण्याआधी काय बाजूला काढत? ते सांगतील ते न गाळता लिहून ठेवा. कंटाळवाणे वाटले तरी. ध्वनिमुद्रणाची एक प्रत दुसरीकडेही ठेवा.

धागा समाप्त.