चार बटा, चार तऱ्हा

केसांचे लॉक्स करायचे ठरवलंय असं मी सांगितलं, तेव्हा काकूंनी हातातली कात्री खाली ठेवली. अर्ध्या कापात त्या कधी थांबत नाहीत. "म्हणजे काय गं?" मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ही तर जट. तुझ्या घरी कुणी यल्लम्माला बोललंय का?"

काकूंचं शिवणाचं दुकान मंडी मोहल्ल्यात, अशोका रोडवरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत. घराणं भावसारांचं, कैक पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, शेजारपाजारी उर्दू. मी हल्याळची, सिद्दी. घरी आमची कोकणी, शाळा मराठी. त्या मराठीवरच काकूंशी जमलं, दुकानात काम मिळालं आणि दुकानामागची खोलीही मिळाली.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, नाहीतर मलिक अंबर. आम्ही उत्तर कन्नडच्या रानातले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे घाट चढून पळाले, त्यांची पुष्कळ वस्ती हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्याच्या जंगलांत झाली. 2003 साली अनुसूचित जमातीत आमची नोंद झाली. रानात येऊन किती पिढ्या उलटल्या, कोण जाणे. भाषा बदलली, देव बदलले, केस तेच राहिले. ताणून धरला तर वीतभर भरेल असा माझा केस सोडला की दोन बोटांत गोळा होतो.

या केसांचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही. शाळेत दोन वेण्यांची सक्ती होती आणि माझ्या वेण्या खांद्यापर्यंत पोचत नसत. म्हैसुरात आल्यावर एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले. तीन तास डोळे चुरचुरत होते. चौथ्या दिवशी मानेजवळचे केस बोटांत तुटून आले आणि टाळूवर खपल्या धरल्या. बरं व्हायला दोन महिने गेले. त्यानंतर केसांना कधी सरळ करायचं नाही, एवढं पक्कं झालं.

पण मग लॉक्सची सुरुवात कशी करायची? इथे माझी मती गुंग झाली. एकीने सांगावं, बारीक दातांच्या कंगव्याने एकेक बट मुळापासून गोल फिरवून गुंडाळ. दुसरीने सांगावं, दोन पदर घेऊन पीळ घाल. तिसरी म्हणते, बारीक वेण्या घाल आणि विसरून जा. चौथी क्रोशाच्या सुईने बटेचं टोक मुळातून ओवून काढायला सांगते. कुणी म्हणतं, उलटा कंगवा मारून गुंता कर. कुणी म्हणतं, काहीच करू नको, धू आणि सोडून दे, केस आपली वाट आपण शोधतील. अमेरिकेत जोआन कॉर्नवेल या बाईंनी 1993 साली अगदी बारीक लॉक्सची स्वतःची पद्धत काढली. ती तर शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची, आणि असं माणूस माझ्या आसपास कुठून असणार? म्हैसुरातल्या गोकुलममध्ये योग शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींत जटा ठेवलेले पुष्कळ दिसतात. एकाला रस्त्यात थांबवून विचारलंसुद्धा. तो आपुलकीने बोलला, पण त्याचे केस मऊ, सरळ. गुंता करून सुईने घट्ट केलेले. त्याचं उत्तर माझ्या केसांना लागू नव्हतं.

मला हवं होतं ते उत्तर काकूंच्या भीतीतून मिळालं.

काकूंचं माहेर गडहिंग्लजकडचं. त्यांच्या लहानपणी शेजारच्या एका मुलीच्या केसांत जट आली. घरच्यांनी ते यल्लम्मादेवीचं बोलावणं मानलं, कंगवा लावायचा बंद केला, भंडारा लावला आणि पुढे ती मुलगी देवीला सोडली. हे सांगताना काकूंचा हात नकळत माझ्या डोक्यावर आला होता. कर्नाटकात देवदासी सोडण्याला कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रातही कायदे झाले. पण जटेची धास्ती कायद्याने जात नाही. ती घालवायला माणसं लागतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, पुण्याच्या नंदिनी जाधवांसारखे, ज्या घरी जट असेल तिथे जातात, बसतात, बोलतात, पुन्हा जातात आणि ती बाई स्वतः हो म्हणाली की मगच कात्री लावतात. जटेच्या ओझ्याने मान धरलेल्या, वर्षानुवर्षं केस न धुतलेल्या बायका असतात त्या. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच काकूंचा प्रश्न मला झटकून टाकता येईना.

मी समितीचं जटेवरचं लिखाण शोधून वाचलं. तिथे देवीला बाजूला ठेवून जट कशी होते, ते सरळ सांगितलेलं होतं. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं की ते कंगव्यात येतात. विंचरलं नाही तर तिथेच राहतात, शेजारच्या केसांत अडकतात, वर तेल, मळ, घाम बसतो आणि गुंता घट्ट होत जातो. मी ते दोनदा वाचलं. लॉक होतो तो असाच! गळालेला केस आतच राहतो आणि बटेला धरून ठेवतो. मग पद्धत पद्धत म्हणून मी जिच्यामागे लागले होते, ती म्हणजे एवढंच, की ही गुंतण्याची क्रिया कुठे, किती जाडीची आणि किती स्वच्छ व्हावी हे आधी ठरवायचं. चौकोन पाडायचे, बटा वेगळ्या ठेवायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. आणि नको झालं तर कापायच्या. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "धुणार ना पण?" मी म्हटलं, "दर आठवड्याला, काकू." त्यांनी कात्री उचलली.

मग मी तेच केलं जे दुकानात नव्या कापडाबाबत करतो. आधी तुकड्यावर टाका घालून बघायचा. उजव्या कानामागे, ओढणीखाली झाकतील अशा चार बटा घेतल्या आणि चार तऱ्हांनी बांधल्या. कंगव्याने गुंडाळलेली बट दिसायला सगळ्यांत देखणी, पेन्सिलीसारखी. पहिल्याच धुण्यात सुटली. तिला महिनाभर पाणी टाळणारं डोकं हवं, आणि मी दिवसभर इस्त्रीशेजारी घामात असते. वेणी टिकली, पण इतकी घट्ट, की मुळाशी नवा केस फुगला तरी खाली वेणीची नक्षी तशीच. सुईने ओवलेली बट धुण्याला पुरून उरली, पण माझ्या हाताला अंदाज नव्हता. एकाच बाजूने ओढत गेले, मुळाशी छिद्र पडलं आणि कातडी दुखून लाल झाली. असा ताण नेहमीचा झाला तर केस मुळातूनच जातात. राहिली दोन पदरांची बट. धुतल्यावर ती टोकाशी सुटली, पण मुळाशी धरून होती.

हे मी आजीला फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पदरांना आधी पीळ दिलास का?"

आजीने अंबाडीच्या वाखाचे दोर वळलेत. दोन पदर नुसते एकमेकांवर टाकले की ते सुटणारच. आधी दोन्ही पदर एका दिशेने पिळायचे आणि मग एकमेकांवर उलट दिशेने चढवायचे. पदर सुटू बघतात तसा दोर आणखी आवळतो. आजी बोलत होती आणि मी फोन खांद्याला धरून, कानामागची तीच बट सोडून पुन्हा वळत होते. उजवीकडे पीळ, डावीकडे वळ. टोकाशी आले, बोटं सोडली. बट हलली, एकदा गरकन फिरली आणि थांबली. तीन आठवडे ती तशीच राहिली. तीन धुणी झाली.

पद्धत ठरली ती अशी.

गेल्या रविवारी दुकान बंद होतं. मी स्टुलावर बसले आणि काकू मागे उभ्या राहिल्या. भांग पाडायचं काम त्यांनीच मागून घेतलं. शेपटीच्या कंगव्याने, कापडावर खडूची रेघ ओढावी तशा, मानेपासून वर चौकोन पाडत गेल्या. विटांच्या भिंतीसारखे, एकाआड एक, म्हणजे मधली कातडी रेघेने दिसत नाही. चौकोन अंगठ्याच्या पेराएवढा. एक चौकोन सुटा केला की त्या बाकीचे केस चापात अडकवत, आणि ती बट माझ्या हातात देत. पुढच्या बटा मी आरशात बघून वळल्या. मागच्या त्यांनी. पहिल्या चार-पाच सैल झाल्या, मग त्यांचा हात बसला. मेण नाही, जेल नाही, थोडा कोरफडीचा गर आणि पाणी. मेण आत साचतं आणि पुन्हा सहज निघत नाही, हे मी पुरतं वाचलं होतं. दुपारचं जेवण मध्ये झालं, संध्याकाळची अजान झाली, दिवे लागले. चौऱ्याऐंशी बटा झाल्या.

रात्री आजीला व्हिडिओवर डोकं दाखवलं. आमच्याकडे बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंद शिवतात. काठापासून धावदोऱ्याने सुरुवात करून फिरत फिरत मधोमध येतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना फुला लावतात, घडी घातलेले त्रिकोणी तुकडे. फुला नसेल तर कवंद उघडं राहिलं म्हणतात. आजीने मला फोन हळूहळू फिरवायला लावला. मान, कानाची मागची बाजू, कपाळ. मग म्हणाली, "चांगलं झालंय. कुणी मदत केली?"

मी फोन काकूंकडे वळवला. काकू हात पुसत होत्या, कोरफडीने चिकट झालेले.