वरचे कुलकर्णी, खालचे कुलकर्णी

वाड्यात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. जिना एक, नळ एक, दिंडीदरवाजा एक. पण स्वयंपाकघर मात्र ज्याचे त्याचे. फळीच्या भिंतीपलीकडचे भांडण शब्दन् शब्द कानांवर येते, आणि तरीही आपण ते ऐकलेले नसते! शिवाय मोठ्या वाड्यात दोन कुलकर्णी असायचेच. पोस्टमन त्यामुळे कधी अडत नसे. एक वरचे कुलकर्णी, एक खालचे. आडनाव कुणालाच बदलावे लागत नसे आणि पत्र बिनचूक पोचत असे.

हे सारे मला आठवले ते माझ्या पुतण्यामुळे. तो नेटवर्क इंजिनिअर आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो लॅपटॉपच्या पडद्यावर चार राउटर मांडून बसला होता. खरे नव्हेत, सरावाचे. पण वागायला खऱ्यासारखे.

"काय रे मांडले आहेस हे?"

"एमपीएलएस व्हीपीएन, काका."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण मास्तरकीने एक खोड लावली आहे: समजल्यावाचून मी समोरच्याला सोडत नाही.

तो सांगू लागला. बँकेला आपल्या शाखा जोडायच्या असतात, कारखान्याला आपली गोदामे. प्रत्येकाने गावोगाव स्वतःची तार ओढायची म्हटले तर दिवाळे निघेल. तेव्हा तारा एकाच कंपनीच्या, आणि त्यांवरून सगळ्यांची वाहतूक. पण १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते कुणीही वापरावेत असे आहेत. बँकेचा आणि कारखान्याचा पत्ता एकच निघाला तर? म्हणून वेशीवरचा राउटर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रस्त्यांची वही वेगळी ठेवतो. तिला व्हीआरएफ म्हणतात. आणि त्या रस्त्यांची वर्दी पलीकडच्या वेशीला देताना पत्त्यामागे ६४ बिटांचा एक वेगळा आकडा जोडतो.

"म्हणजे वरचे कुलकर्णी!" मी ओरडलो. तो हसला.

पुढची गंमत लेबलांची. आत शिरणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर वेशीवरचा राउटर दोन लेबले चिकटवतो. वाटेतला राउटर फक्त वरचे पाहतो, ते काढून आपले नवे लावतो आणि पॅकेट पुढे ढकलतो. कुणाचे, कुणाकडे, आत काय, ही चौकशीच नाही! बहुधा शेवटच्या आधीच्या मुक्कामी हे वरचे लेबल उतरते. आतल्याला मात्र वाटेत कुणी हात लावलेला नसतो. पलीकडची वेस ते वाचते आणि पॅकेट नेमक्या बिऱ्हाडी जाते. एरिक रोझेन आणि याकोव रेख्तर या दोघांनी ही रीत १९९९ साली लिहून प्रसिद्ध केली.

मग त्याने माझ्यासमोर एक बिऱ्हाड थाटले. वहीला नाव दिले, वेगळेपणाचा आकडा दिला, बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर कोणता शिक्का मारायचा आणि कोणत्या शिक्क्याचे रस्ते आत घ्यायचे ते सांगितले. शेवटी राउटरचे एक दार त्या वहीला जोडले. जोडताच त्या दारावरचा जुना पत्ता पुसला गेला! "सिस्कोच्या राउटरवर असेच होते, पत्ता पुन्हा लिहावा लागतो," तो म्हणाला. खरेच आहे, बिऱ्हाड बदलले की पाटी नव्याने लावावीच लागते.

"आता हे पाहा." त्याने मुद्दाम बँकेच्या वहीत कारखान्याचा शिक्का आत घ्यायला सांगितले. थोड्याच वेळात कारखान्याचे रस्ते बँकेच्या वहीत उमटले. घंटा नाही, आरडाओरडा नाही. एका आकड्याने भिंत पडली, आणि धूळसुद्धा उडाली नाही.

"अरे, पण कुलूप?"

"कुलूप नाहीच, काका. खासगी म्हणजे इथे नुसते वेगळे. आतला मजकूर उघडाच असतो. ज्याला हवे तो वरून आयपीसेकचे कुलूप घालतो."

मी गप्प झालो.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलाच्या आईने मुख्याध्यापकांना द्यायला माझ्या हाती चिठ्ठी दिली. नुसती दुमडलेली, न चिकटवलेली. तिचे डोळे सुजलेले होते. फीची मुदत मागितली होती की घरात आणखी काही घडले होते, मला ठाऊक नाही. वरचे नाव तेवढे मी वाचले. व्हरांडा तीस पावलांचा. पण त्या दिवशी तो मला लांब वाटला. चिठ्ठी दुमडली होती तशीच मी कचेरीतल्या टेबलावर ठेवली.

यंदा लक्ष्मीपूजनालाही पुतण्याची रात्रपाळी आहे. "असे काय राखायचे असते रे त्याला रात्रभर?" वहिनी कुरकुरत होती. मी तिला व्हरांड्याची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. उठून त्याच्या फराळाचा डबा भरायला लागली.