शर्यतीचा रस्ता कुणी ठरवायचा?

जयंतीला डीजेचा खर्च टाळून सायकल शर्यत घ्यायची, असं आम्ही नांदेड-लातूरच्या काही कार्यकर्त्यांनी ठरवलं. पहिला बेत दणदणीत होता: लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत थेट नांदेड. बॅनरवर छान दिसला असता! मग आम्ही स्वतः सायकली काढल्या आणि त्या महामार्गाचा एक तुकडा चालवून पाहिला. शेजारून ट्रक गेला की हँडल थरथरायचं. समोरून उलट्या दिशेनं मोटारसायकली यायच्या. मुंबई-पुणे शर्यतीतल्या 'घाटाचा राजा'ची स्वप्नं आम्ही तिथंच सोडली.

शेवटी आतल्या रस्त्यांवर आठ किलोमीटरचा फेरा सापडला. तो घड्याळाच्या उलट्या दिशेनं ठेवला. आपण डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळं सगळी वळणं डावीकडं येतात आणि समोरची वाहतूक कुठंच ओलांडावी लागत नाही. तीन फेऱ्या ठेवल्या की बघणाऱ्यांना सायकली तीनदा दिसतात, शिवाय स्वयंसेवकही कमी लागतात. प्रत्येक गतिरोधकाच्या अलीकडं चुन्याचा पट्टा मारायचं ठरलं. सिमेंट रस्त्याच्या उभ्या फटीत बारीक टायर अडकतो, तो तुकडा वगळला. शेवटची रेषा उताराखाली न ठेवता सपाट, सरळ रस्त्यावर घेतली आणि पुढं ब्रेक लावायला जागा सोडली. एप्रिलचं ऊन लक्षात घेऊन सुरुवात सकाळी सहाला.

गिअरच्या महागड्या सायकली किती पोरांकडं आहेत? मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडच्या कितीतरी मुलींना शाळेला जायला साध्या सायकली मिळाल्या. त्यांच्यासाठी एका फेरीची वेगळी शर्यत ठेवली. शर्यत सगळ्यांची म्हणायची, तर रस्ता साध्या सायकलीलाही झेपला पाहिजे.

खरा पेच पुढंच होता. फेरा एका गावातून आणि त्याच्या वस्तीवरून जात होता. गावातले काही म्हणाले, "वेशीतून नको, वाद होतील. बाहेरून वळवा." आमच्यातलेही काही म्हणाले, "कशाला भानगड? वस्तीपुरतंच ठेवू." दोघांच्याही तोंडी शब्द एकच होता: सुरक्षितता.

मित्रांनो, सुरक्षितता म्हणजे वळणावर उभा असलेला झेंडेवाला, मागं रुग्णवाहिका, डोक्यावर हेल्मेट. माणसं एकमेकांच्या दारावरून जाऊ नयेत, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते सार्वजनिक पाणी खरोखर सार्वजनिक व्हावं म्हणून. रस्ताही आपल्या सगळ्यांच्याच पैशातून होतो.

आम्ही मार्ग बदलला नाही, पण हट्टानं रेटलाही नाही. गावात तीन बैठका घेतल्या. वेशीच्या वळणावर वस्तीतला एक आणि गावातला एक, असे दोघं शिट्टी घेऊन उभे राहतील, असं सुचवलं. तिसऱ्या बैठकीत एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझा नातू उभा राहील." तिथून बोलणं सुरू झालं. पोलिसांकडं परवानगीचा अर्ज आम्ही त्याच मार्गाचा दिला आहे.

तुमच्या गावात शर्यत घेणार असाल, तर आधी त्या रस्त्यावरून स्वतः सायकल चालवा. कुठं खड्डा आहे ते कळेल, आणि कुठल्या वळणावर तुम्हाला थांबवलं जातं तेही कळेल. दोन्ही वहीत लिहा. खड्डा एका दिवसात बुजतो. दुसऱ्यासाठी बैठका घ्याव्या लागतात, त्या घ्या.

जय भीम!