सोलापूरच्या विज्ञानकथा-वाचकांचे वर्तमान

सोलापूर,
मार्गशीर्ष, शके १९४७

प्रिय बापूसाहेब यांस,


तुमचे दिवाळीनंतरचे पत्र पावले. ‘सोलापुरात तुम्ही मंडळी जमून नेमके करता तरी काय, याची सविस्तर कैफियत लिहून पाठवा’ असा त्यात तुमचा हुकूम आहे. आणि ज्याने उमेदीची सारी वर्षे महसूल खात्यात इतरांच्या कैफियती लिहून घेण्यात घालविली, त्याच्यावरच आता कैफियत देण्याची पाळी यावी, यात एक प्रकारचा न्यायच आहे. सबब विलंबाबद्दल क्षमा मागून मूळ मजकुराकडे वळतो.

आमच्या या मेळाव्याला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही आणि नोंदणीचा दाखलाही नाही. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी नव्या पेठेतील एका स्नेह्यांच्या माडीवर विज्ञानकथेचे शौकीन असे आम्ही दहा-बारा जण जमतो, आधी ठरवून वाचून आणलेल्या एकाच कथेवर दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत बोलतो, आणि बहुधा आपापले मतभेद शाबूत ठेवून घरोघर परततो. त्यांत एक निवृत्त शाळामास्तर आहेत, एक दंतवैद्य आहेत, अभियांत्रिकी शिकणाऱ्या दोन मुली आहेत, आणि शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे एक विणकर गृहस्थ आहेत. या शेवटच्यांविषयी पुढे लिहावयाचेच आहे. इतिवृत्ताची वही मात्र आहे, आणि ती अर्थातच माझ्या गळ्यात पडली आहे.

अध्यक्षाची खुर्ची आम्ही बुद्धिपुरस्सर ठेवलेली नाही, आणि याचे श्रेय जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेला दिले पाहिजे. कथा तुम्ही वाचलेली आहेच. तरी स्मरण करून देतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत, पानिपतावर मराठे जिंकले असते तर पुढे काय झाले असते, या विचारात गढलेले असताना एका अपघातासरशी अशा जगात जाऊन पडतात की जेथे विश्वासरावांचा जीव घेणारी ती गोळी त्यांना केवळ चाटून गेली आणि १४ जानेवारी १७६१ चा निकाल फिरला. तेथे मुंबई इंग्रजांकडे आहे, पण ती भाडेपट्ट्याने, आणि पट्ट्याची मुदत २००१ साली संपावयाची आहे. जगाचा इतिहास उलटापालटा करताना भाडेपट्ट्याची मुदत नमूद करावयास न विसरणाऱ्या लेखकापुढे माझ्यासारख्या जुन्या कारकुनाने हात जोडावेत, यात नवल ते काय! पुढे आझाद मैदानावरील सभेत व्यासपीठावरची रिकामी खुर्ची पाहून, नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या या विद्वानाला राहवत नाही. ते जाऊन तिच्यावर विराजमान होतात, भाषणाला उभे राहतात, आणि अध्यक्षीय भाषणांना विटून ती प्रथाच मोडीत काढलेल्या त्या जगातले श्रोते त्यांच्यावर टोमॅटो व अंडी यांचा वर्षाव करतात. हे वाचून झाल्यावर आमच्यापैकी कोणालाच अध्यक्ष व्हावेसे वाटले नाही.

त्या कथेवरचा वाद मात्र एका बैठकीत आटपला नाही. मास्तरांचे म्हणणे असे की, गंगाधरपंतांच्या खिशात उरलेले त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे फाटके पान हाच कथेचा प्राण असून, त्यानंतर त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीचा आधार घेऊन जो खुलासा करतात तो म्हणजे नाटक संपल्यावर पडद्यापुढे येऊन दिलेले व्याख्यान होय. यावर दोघी मुलींपैकी धाकटी, जी एरवी फारशी बोलत नाही, ती उसळून म्हणाली की खुलासा काढून टाकला तर उरते ते निव्वळ दिवास्वप्न. खुलासा आहे म्हणूनच ‘हे खरेच घडू शकेल काय’ अशी शंका मनात शिरते, आणि झोप उडते ती त्या शंकेने. मला स्वतःला तिचे म्हणणे पटले. मास्तरांना ते अद्यापि पटलेले नाही, आणि न पटल्याची नोंद वहीत करावी असा त्यांचा आग्रह असल्याने ती तशी केली आहे.

‘विज्ञानकथा मराठीत इतकी वर्षे नांदते आहे, मग तिच्या वाचकांची अशी मंडळे गावोगाव का निघाली नाहीत?’ हा तुमचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले, तेव्हा वाचकांची पत्रे छापताना खाली पत्रलेखकाचा संपूर्ण पत्ताही ते छापू लागले. संपादकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रांवरून वाचकांनाच एकमेकांचा ठावठिकाणा लागला, परस्पर पत्रव्यवहार जुळला, आणि त्यातून मंडळे उभी राहिली. लॉस एंजेलिसमध्ये १९३४ साली जमू लागलेली मंडळी अजूनही जमतात. इंग्लंडात १९३७ च्या जानेवारीत लीड्स येथे असेच मूठभर वाचक एकत्र आले, त्यांत विशीही न ओलांडलेला आर्थर क्लार्क होता. वाचकांतून लेखक निपजावा, आणि लेखक झाल्यावरही त्याने वाचकांच्या पंक्तीतले आपले पान सोडू नये, अशी ही तिकडची रीत.

आपल्याकडे क्रम निराळा पडला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘केरळ कोकिळ’ने जूल व्हर्नची चंद्रलोकची सफर मराठीत आणली; १९१५ च्या सुमारास श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या अंथरुणापाशी आणून बसविले. तथापि या साहित्याला खरे बळ मिळाले ते १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषदेने १९७० पासून विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली आणि १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिले पारितोषिक देऊन बसल्यावर, तिचा लेखक कोणी नारायण विनायक जगताप नसून साक्षात जयंत विष्णु नारळीकर आहेत, असे उघडकीस आले. आद्याक्षरांची उलटापालट करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि आपले हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाईंच्या हातची करवून घेतली होती. अहमदाबादेतील एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालू असता तिचे लेखन सुरू झाले, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. कंटाळवाण्या भाषणांचे मराठी साहित्यावर असेही उपकार आहेत! वास्तविक त्यांच्यापुढे गुरूचाच कित्ता होता, कारण फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी, नारळीकर केंब्रिजला गेले त्याच १९५७ साली प्रसिद्ध झाली होती.

विज्ञान परिषदेचे हे ऋण मोठे आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही मांदियाळी स्पर्धा, मासिके आणि ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक यांच्या आश्रयानेच वाढली. परंतु विज्ञानप्रसार हे जिचे ब्रीद, अशा संस्थेच्या मांडीवर वाढल्यामुळे आपल्या विज्ञानकथेला एक खोड जडली, ती अशी की, वाचकाकडे ती विद्यार्थी म्हणून पाहते. त्याला काही शिकवावे, त्याची अंधश्रद्धा घालवावी, त्याला कृष्णविवर म्हणजे काय ते समजावून द्यावे, ही तिची तळमळ; आणि समजावून घेणारा विद्यार्थी वर्गात गप्प बसतो, तसा आपला वाचक पन्नास वर्षे गप्प बसला. विज्ञानकथेला मराठीत परीक्षक लाभले, पुरस्कार लाभले, २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही लाभले. लाभला नाही तो जमून भांडणारा वाचक. लेखकाला ‘ही कथा विज्ञान म्हणून निर्दोष आहे, पण कथा म्हणून कच्ची आहे’ असे तोंडावर सांगणारे कोणी नसले, म्हणजे त्याची वाढ खुंटते, हे माझे ठाम मत आहे, आणि आमच्या माडीवर ते आता एकट्या माझेच राहिलेले नाही.

आता त्या विणकर गृहस्थांची हकीकत. यंत्रे माणसाविरुद्ध उठतात अशा धर्तीची एक अनुवादित कथा आम्ही वाचली, त्या दिवशी ते बराच वेळ स्वस्थ होते. मग म्हणाले, ‘संगणकाचा आजा आमच्या घरी रोज खडखडतोय, आन् तुमच्या गोष्टीतला संगणक मात्र दरवेळी अमेरिकेहून येतोय!’ पुढल्या बैठकीला त्यांनी पिशवीतून जेकार्ड मागाच्या, भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्याच आणल्या. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्या पट्ट्यांतून उतरते: भोक असेल तेथे सुई आरपार जाते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे सुई अडते व धागा खालीच राहतो; अशा ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या ओळीमागून ओळी सरकत जाऊन मोर, कमळ, काय हवे ते उमटते. लिऑनच्या जेकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली हीच युक्ती चार्ल्स बॅबेजने तीस-एक वर्षांनी आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही, पण कल्पना टिकली आणि आजच्या संगणकापर्यंत पोहोचली. ज्या शहरात १८७७ पासून गिरण्यांचे भोंगे वाजले आणि गिरण्या बंद पडल्यावरही पूर्व भागातले माग चालू राहिले, त्या शहरावर या अंगाने लिहिलेली एखादी विज्ञानकथा असावयास हवी होती. माझ्या वाचनात तरी ती आलेली नाही.

याच बोलण्यातून थोरल्या मुलीला विषय सुचला, आणि आमच्या मेळाव्यातील पहिली स्वतंत्र कथा सध्या लिहिली जात आहे. तुम्हांला ठाऊक आहेच की आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या आकाशात विमाने उडवून, ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळून, पाऊस वाढतो की नाही याची रीतसर पारख केली. एकंदर २७६ ढग अभ्यासासाठी घेतले. त्यांतल्या कोणत्यावर बीजारोपण करावयाचे आणि कोणता तुलनेसाठी तसाच सोडावयाचा, हे कोणाच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरविले गेले. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी अठरा टक्के पाऊस अधिक पडला, असा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. शास्त्राच्या दृष्टीने हे सर्व चोख आहे. परंतु आमच्या या मुलीची नजर गेली ती न निवडलेल्या ढगाकडे, आणि त्याच्या खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे! विज्ञानाला सत्य कळावे म्हणून ज्याचा ढग तसाच सोडला, त्याला उद्या हे समजले तर तो कोणाकडे दाद मागेल? नळ काही दिवसांआड येणाऱ्या शहरात हा प्रश्न काल्पनिक वाटत नाही. मसुद्यात तिने पर्जन्यमापक गावोगाव बसविले होते. पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय होते आणि पिकांची आणेवारी गावनिहाय निघते, एवढी दुरुस्ती सुचविण्याचा मान मला मिळाला. या दोन नोंदींच्या तफावतीतच तिला कथेचा शेवट सापडेल, असा माझा होरा आहे. कथा परिषदेच्या स्पर्धेस पाठवावी, असे मास्तर म्हणतात. मी म्हणतो, आधी ती आमच्या माडीवर उभी-आडवी तपासली जाऊ द्या.

२०२५ हे वर्ष एरवी शोकाचेच गेले. २० मे रोजी पुण्यात नारळीकर गेले, आणि महिना उलटतो न उलटतो तोच १८ जूनला आपले मारुती चितमपल्ली येथे सोलापुरातच निवर्तले. चितमपल्लींचा विज्ञानकथेशी संबंध काय, असे दंतवैद्यांनी विचारले. तेव्हा धाकटी म्हणाली की, नान्नजच्या माळावरून शेवटचा माळढोक नाहीसा झाल्यानंतरच्या काळातली कथा ज्याला लिहावयाची असेल, त्याला चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ उघडल्यावाचून गत्यंतर नाही. नारळीकरांसाठी आम्ही शोकसभा घेतली नाही, ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा मोठ्याने वाचली. वाचून होताच वाद सुरू झाला.

आता कामाचे. पौषात येथे गड्ड्याची यात्रा असल्याने त्या महिन्याची बैठक होणार नाही. माघात ‘धनंजय’ व ‘नवल’ यांतील जुन्या विज्ञानकथा एकामागून एक वाचावयाच्या, असे ठरले आहे. अंक मिळत नाहीत. येथील हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी चालू आहे, पण तुमच्या पुण्याच्या घरी माळ्यावरच्या लोखंडी पेटीत हे अंक तुम्ही वर्षानुवर्षे राखून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. ते रद्दीत जाण्यापूर्वी, निदान सत्तरीच्या दशकातले तरी, पुठ्ठ्यात नीट बांधून एस.टी.च्या पार्सलने सोलापूर स्थानकावर रवाना करावेत. भाडे आम्ही येथे भरू, पोचपावती देऊ आणि वाचून झाल्यावर यादीबरहुकूम परत करू. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. पार्सल टाकल्याबरोबर दूरध्वनी करावा, म्हणजे उतरवून घेण्यास माणूस पाठविता येईल.

तुमचा स्नेहांकित,
नाना