मातीचे शिपाई

पानिपत आपणा सर्वांना पाठ असते. पण आपल्याच जिल्ह्यातील असईची लढाई पुष्कळांना ठाऊक नसते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. पुढे याच वेलस्लीने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवले. पण रणांगणावरील आपली सर्वांत सरस कामगिरी म्हणून तो असईचेच नाव घेई, असे सांगतात.

ही लढाई आम्ही सहा मित्र रविवारी दुपारी फरशीवर खेळतो. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, लुडोचे फासे आणि कंपासपेटीतील पट्टी एवढेच आमचे भांडवल. नद्या खडूने काढायच्या, काड्यापेट्यांच्या तोफा करायच्या. एक मावळा म्हणजे पाचशे माणसे. पट्टीने मोजून मावळा सरकवायचा, शत्रूला भिडला की फासा टाकायचा. असले खेळ नवे नव्हेत. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी १८२४ पासून नकाशावर ठोकळे मांडून युद्ध शिकत, एच. जी. वेल्सने तर १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियमच दिले.

खेळाची जुळवाजुळव माझ्याकडे असते. पहिली अडचण आली ती ही, की इंग्रज व्हायला कोणी तयार होईना. अखेर चिठ्ठ्या टाकल्या. मौज अशी की, पहिले तीन रविवार मराठ्यांचीच बाजू सहज जिंकली. मावळे ढीगभर, तोफा शंभराच्या वर, आणि हुकूम देणारा एकच. प्रत्यक्षात तसे नव्हते. शिंदे वेगळे, भोसले वेगळे, आणि कवायती पायदळ पोलमन नावाच्या जर्मन माणसाच्या हाती. म्हणून मी नियम बदलला. त्या बाजूला तीन खेळाडू, आणि त्यांनी आपसात बोलायचे नाही. वेलस्ली नदी उतरून बाजूने आला तेव्हा पोलमनने सारी रांग वळवून त्याच्यासमोर उभी केली. आमचा पोलमनही ते करतो. पण घोडदळवाले दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. तेव्हापासून ही बाजू वरचेवर हरते.

इंग्रजांचे मावळे मोजताना आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या साडेनऊ हजारांत गोरे थोडे. मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वारच अधिक. हे ऐकून 'मी इंग्रज होणार नाही' म्हणणारा मित्र बराच वेळ गप्प बसला. दोन्हीकडे आपलीच माणसे असतील, तर चिठ्ठी कोणाच्या नावाची काढायची?

त्या दिवशी वेलस्लीची १५८४ माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. आमच्या हिशेबाने मावळे तीन. तेवढे टोपलीत टाकायला क्षणही लागत नाही. हरलेल्या बाजूच्या मृतांची तर नेमकी मोजदादही झाली नाही. त्यांच्यासाठी टोपलीत किती मावळे टाकायचे, हा नियम मला अजून करता आलेला नाही.

येत्या २३ सप्टेंबरला आम्ही असईला जाणार आहोत. खडूच्या नद्या खऱ्या कशा दिसतात ते पाहायचे आहे. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी जरूर यावे. इंग्रज होण्याची सक्ती नाही.