आय-८० वरचे दिवस : दोन अँटेना आणि एकोणीस नंबर

(मागील अंकावरून पुढे)

सोमवार, वॉलकॉट, आयोवा

आय-८० या महामार्गाने मिसिसिपी ओलांडून आयोवात शिरलं की थोड्याच वेळात २८४ नंबरचा फाटा येतो. तिथला ट्रकथांबा १९६४ पासून चालू आहे आणि जगात सगळ्यात मोठा म्हणून मिरवतो. न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, जुन्या ट्रकांचं संग्रहालय आहे. ट्रक चालवणाऱ्या माझ्या भाच्याला यातलं काहीच नको होतं. त्याला रेडिओ हवा होता.

त्याचा पीटरबिल्ट ३७९ जुना, दुसऱ्याच्या हातून घेतलेला. आधीच्या मालकाने सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ काढून नेला आणि कापलेल्या तारा तशाच लोंबत ठेवल्या. तेव्हापासून भाचा फोनमधल्या नकाशावर भरवसा ठेवून चालवतोय. मध्यंतरी नेब्रास्कात पुढे अपघात झाला. आजूबाजूचे ट्रक अलीकडच्या फाट्याला उतरून जुन्या रस्त्याने निघून गेले, हा मात्र चार तास एकाच जागी.

"मामा, सगळ्यांना कळलं होतं. मला कोणी सांगितलंच नाही."

"सांगितलं असेल. तुला ऐकायची सोय नव्हती."

माझी नोकरी पुण्याला पोलीस बिनतारी विभागात झाली, त्यामुळे हे काम माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. शेजारच्या दुकानात दोन तासांत बसवून मिळालं असतं, पण मामा फुकट असताना मजुरी कोण देणार? (माझ्या बसण्याचीही लेखी परवानगी लागते. व्यापारी ट्रकमध्ये बिनपत्राचा प्रवासी चालत नाही. ते पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.)

संच घेतला कोब्रा २९, ट्रकवाल्यांचा जुना सोबती. ४० चॅनेल, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ, आणि शक्ती चार वॉट. कायद्याने एएमवर तेवढीच परवानगी आहे, सिंगल साइडबँडवर कमाल बारा. रस्त्यावर असे कारागीर भेटतात की जे आतले स्क्रू फिरवून ती वाढवून देतात. भाच्याचंही मन त्याकडे होतं. त्याला हिशेब सांगितला : शक्ती चौपट केलीस तर समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम एक घर पुढे सरकतो. तेवढ्यासाठी संच तापवायचा, आवाज फाडायचा आणि वर कायदा मोडायचा. पैसे अँटेनावर घाल.

आता अँटेना. या लहरीची लांबी अकरा मीटर. नियमाप्रमाणे पाव लांबीचा दांडा घ्यायचा तर तो पावणेतीन मीटरचा होतो, आणि बहुतेक राज्यांत गाडीची उंची साडेतेरा फुटांच्या आत हवी. म्हणून फायबरच्या चार फुटी काठीवर तांब्याची तार गुंडाळून ती लांबी भरून काढतात. अशा दोन काठ्या, दोन्ही बाजूंच्या आरशांच्या दांड्यांवर. एकच लावली तर एका बाजूला केबिन आणि ट्रेलरची सावली पडते. दोन काठ्या आठ-नऊ फुटांच्या अंतरावर, एकाच तालात चालवल्या की जोर पुढे आणि मागे जातो. रस्ताही पुढे आणि मागेच असतो. मोटारीच्या डिकीवर कोणी जोडी लावतात ती नुसती शोभा, तिथे तेवढं अंतरच मिळत नाही.

जोडीची केबल वेगळी येते. एरवी संचापासून अँटेनापर्यंत पन्नास ओहमची केबल लागते, इथे दोन फाटे पंचाहत्तर ओहमचे, प्रत्येकी अठरा फूट. भाच्याने डावीकडचा फाटा ओढून पाहिला, सहा फूट जास्त निघाला, आणि त्याने कटर उचलला. मी हात धरला. ते अठरा फूट कुणी सहज म्हणून ठेवलेले नाहीत. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू, दोन-तृतीयांश वेगाने धावते. त्या हिशेबाने अठरा फूट म्हणजे लहरीचा पाऊण भाग. तेवढ्या प्रवासात पन्नास ओहमची अँटेना संचाच्या टोकाला ११२ ओहमची दिसते. अशा दोन समांतर जोडल्या की होतात छप्पन्न. संचाला हवे असतात पन्नास. जमलं. साध्या केबलने दोन अँटेना जोडल्या असत्या तर पंचवीस झाले असते आणि निम्मं गणित तिथेच बिघडलं असतं. उरलेली केबल बिछान्याखाली सैल, मोठ्या वळशात सोडली.

दुपारचा बराच वेळ आरशाच्या दांड्यावर गेला. पकडीखाली जाड रंग होता, आणि रंगावर बसवलेली अँटेना म्हणजे अर्थिंग नसलेली अँटेना. तिला पाय रोवायला गाडीचं धातूचं अंग लागतं.  केबिन ॲल्युमिनियमची आहे, ती कामाची. रंग खरवडून चकचकीत धातू काढला, दातेरी वॉशर टाकला, दांड्यापासून दाराच्या बिजागरीवरून केबिनपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी नेली. पकडीच्या भोकात प्लास्टिकची टोपी असते, तीही नीट बसलेली पाहिली. ती सरकली की मधली तार पकडीला टेकते आणि सगळी शक्ती आरशात जाते. मल्टिमीटर लावला : मधल्या तारेपासून पकडीपर्यंत संपर्क नाही, पकडीपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत आहे. हे दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा विभागातला शिरस्ता.

वीज थेट बॅटऱ्यांवरून घेतली. त्या पायरीखालच्या पेटीत असतात. लाल तारेवर बॅटरीजवळच फ्यूज, काळी थेट उणे टोकाला. सिगारेट लायटरच्या खाचेतून वीज घेणं सोपं, पण तिथून गाडीभरचा कलकलाट आत येतो.

संध्याकाळी मीटर लावला. एसडब्ल्यूआर तीनच्या वर. भाच्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, जेवून घेऊ. दोन्ही बाजूंना ५३ फुटी ट्रेलर भिंतीसारखे उभे असताना कुठलीच अँटेना खरं बोलत नाही.

मंगळवार, वॉलकॉट ते नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का

पहाटे ट्रक आवाराच्या मोकळ्या टोकाला नेला. दारं बंद, माणसं लांब. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी किती अँटेनाकडून परत फिरते त्याचं माप. दीडच्या आत उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेलं तर संचातले शेवटचे ट्रान्झिस्टर जळायची भीती. चॅनेल १ वर २.४, चॅनेल ४० वर १.८. खालच्या चॅनेलवर माप जास्त म्हणजे अँटेना आखूड. टोकाचे स्क्रू दोन्हीकडे सारखेच वर काढले, थोडे थोडे. एकच फिरवला तर जोडीचा ताल जातो. शेवटी १ नंबरवर १.४, २० नंबरवर १.३, आणि ४० वर पुन्हा १.४. भाचा म्हणाला, अजून कमी करू. मी पान्हा पेटीत टाकला. १.४ वर चार टक्केसुद्धा शक्ती परत येत नाही.

मग १९ नंबर लावला. देशभर ट्रकवाल्यांचा हाच. ९ नंबर संकटकाळासाठी राखीव. पहिली दहा मिनिटं जे ऐकलं ते इथे छापता येणार नाही. शिव्या, एकाचं प्रवचन, एकाने माईकसमोर धरलेलं गाणं. त्यातच एक शांत आवाज : पश्चिमेकडे जाणाऱ्यांनो, २६२ मैलावर डाव्या लेनमध्ये टायरचा तुकडा पडलाय. भाच्याने लेन बदलली. दोन मिनिटांत तो तुकडा बाजूने गेला, पुरा दरवाज्याएवढा. सपाट मुलखात चार वॉटचा आवाज पाच-सहा मैल जातो, आणि तुमच्या पुढचे पाच-सहा मैलच तुमच्या कामाचे असतात.

ट्रकवाल्यांनी हा रेडिओ उचलला तो १९७३ च्या तेलटंचाईत. नागरिकांचा हा पट्टा १९५८ पासून होता, तेव्हा चॅनेल तेवीस. डिझेल महागलं, पंपावर मिळेनासं झालं, मग ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. कुठे डिझेल आहे आणि कुठे पोलीस उभे आहेत हे एकमेकांना सांगायला रेडिओ लागला. डिसेंबर १९७३ मध्ये याच आय-८० वर, पेनसिल्व्हेनियात, चालकांनी ट्रक आडवे लावून रस्ता बंद केला तोही सीबीवर बोलून. पुढे गाणी आली, सिनेमे आले, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डही 'फर्स्ट मामा' या टोपणनावाने बोलत. १९७७ च्या १ जानेवारीपासून चॅनेल चाळीस झाले. परवान्याच्या अर्जांचा ढीग सरकारला आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये परवानाच काढून टाकला. टोपणनावाची चाल मात्र राहिली. पोलिसांना ट्रकवाले 'अस्वल' म्हणतात. "मामा, इथे तुम्ही निवृत्त अस्वल," इति भाचा.

डे मॉइनच्या पुढे संचात शिटी घुसली. इंजिनाबरोबर चढउतार होत नव्हती, म्हणजे अल्टरनेटर नव्हे. एकेक वस्तू बंद करत गेलो. फोनचा स्वस्त चार्जर काढला आणि शिटी थांबली. चार्जर कचऱ्यात.

आठ तास गाडी चालवली की अर्ध्या तासाची सुट्टी घ्यावीच लागते. ती नेब्रास्कातल्या ओव्हरटनच्या पंजाबी ढाब्यावर घेतली. मक्याच्या शेतांमध्ये दाल आणि तंदुरी रोटी. चालकांत पंजाबी खूप, मराठी क्वचित. नॉर्थ प्लॅटला मुक्काम.

बुधवार, नॉर्थ प्लॅट ते शायेन, वायोमिंग

सकाळी सीबीने एकदा फसवलं. वजनकाटा बंद आहे असं कोणीतरी छातीठोक सांगितलं, तो उघडा होता. आमचं वजन ८०,००० पौंडांच्या कितीतरी आत, कागद ठीक, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण ऐकलेलं सगळं खरं मानायचं नाही.

वायोमिंगच्या हद्दीत वारा सुरू झाला. आमच्या ट्रेलरमध्ये टिश्यू पेपरचे गठ्ठे, म्हणजे आकार मोठा आणि वजन नाही. लॅरामी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पाटी आली : हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद. फोन म्हणत होता, लॅरामीपर्यंत जा, तिथे जागा आहे. मी माईक उचलून विचारलं. समोरून येणाऱ्या एकाने सांगितलं, "लॅरामी गच्च भरलंय, उतारांवरसुद्धा ट्रक उभे आहेत. आर्लिंग्टनपाशी एक ट्रेलर आडवा झालाय. शायेनला जागा मिळाली तर तिथेच थांबा, ड्रायव्हर." त्याचं नाव माहीत नाही, चेहरा दिसला नाही, आवाज दोन मिनिटांत विरला. फोनमधून ओळखीच्या माणसाशी बोलता येतं; या खोक्यातून त्याच्याशी बोलता येतं जो आत्ता तिथून आलाय.

शायेनला शेवटून दुसरी जागा मिळाली. अर्ध्या तासात आवार भरलं.

रात्रभर केबिन हलत होती. झोप नाही.

गुरुवार, शायेन ते सॉल्ट लेक सिटी

सकाळी रस्ता उघडला. ८,६४० फुटांवरची शर्मन खिंड हा आय-८० चा सर्वांत उंच बिंदू. तिथे लिंकनचा पुतळा रस्त्याकडे पाहतो. त्यापुढे एल्क माउंटनच्या पायथ्याचा तुकडा १९७० मध्ये खुला झाला. जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बोवरून वळसा घेई, आणि स्थानिक लोक सांगत होते की नवा रस्ता डोंगराला खेटून नेऊ नका. हिवाळ्यात तो किती वेळा बंद पडतो ते पाहिलं की त्यांचं बरोबर होतं असं म्हणावं लागतं. इथेही एक वॉलकॉट लागतं. इथे दातांचा डॉक्टर नाही.

रॉलिन्सला डिझेल भरताना मीटर लावून पाहिला : २.२. वाऱ्याने डाव्या काठीचा नट ढिला केला होता. आवळला, पुन्हा १.४. काठीखाली स्प्रिंग असली तरी हादऱ्याने नट सुटतातच. तेल-पाणी पाहताना हेही पाहावं.

दुपारी ६ नंबरवर दक्षिणेकडच्या हेलात कोणीतरी मोठ्याने बोलत होता, आवाज जणू शेजारच्या लेनमधला. तो हजार मैलांवर असणार. सूर्यावरचे डाग वाढतात त्या वर्षांत २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परततात आणि खंडभर पोचतात. इतक्या लांब बोलायला बंदी होती, ती २०१७ मध्ये उठवली. भाचा खूश. मी वैतागलो, त्या गोंगाटात जवळचं ऐकू येत नाही.

संध्याकाळी सॉल्ट लेकला माल उतरवला. गोदामाच्या फाटकावर पाटी होती : आल्यावर चॅनेल १२ वर सांगा. भाच्याने सांगितलं, तिसरा दरवाजा मिळाला.

भारतातून काही वाचकांनी विचारलंय, आपल्या ट्रकांत हे का नाही. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा पाच वॉटपर्यंत परवानामुक्त आहे, पण अँटेना उपकरणातच बसवलेली हवी. आरशावरची चार फुटी जोडी त्यात बसत नाही, तेव्हा इथून संच आणून लावायच्या भानगडीत पडू नका. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा भाचा अमेरिकेत ट्रक चालवत असेल, तर त्याला एवढं जरूर कळवा : संच साधा घे, केबल आणि अँटेना चांगल्या घे, आणि पकडीखालचा रंग आधी खरवड.

(क्रमशः)