आळ घेणारा

गोमंतकांत 'देवचार' हा एकच शब्द शेजारशेजारच्या दोन घरांत दोन निरनिराळ्या अर्थांनीं नांदतो. हिंदूंच्या घरीं देवचार म्हणजे गांवच्या शिवेवरचा राखणदार. रात्रीं हातांत दांडा घेऊन, खांद्यावर घोंगडी टाकून तो आपली हद्द फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोंचवितो, आणि वर्षाकाठीं त्याला रोट, विडी, सोरो असें कांहींतरी पोंचलें म्हणजे संतुष्ट असतो. पलीकडच्या ख्रिस्ती घरांत देवचार म्हणजे सैतान. परमेश्वराचा वैरी आणि माणसाला पापांत लोटणारा. सोळाव्या शतकांत जे मिशनरी येथें आले, त्यांनीं आमच्या देवळांतील मूर्तींकडे याच दृष्टीनें पाहिलें. मग साष्टी-बारदेशांतले देव नदी ओलांडून अंत्रुज महालांत कसे गेले, हा इतिहास या मासिकाच्या वाचकांना मीं सांगावा असें नाहीं. ज्यांच्या कुळांत तो घडला, तेच बहुधा ही ओळ वाचीत असतील.

त्या जुन्या जखमेमुळेंच असेल, पण ख्रिस्त्यांच्या सैतानाविषयीं आपल्या मंडळींत एक सोपी समजूत रूढ आहे. आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळांत, देवळाच्या चौकांत बसून, ती मीं कितीदां तरी ऐकली आहे: 'त्यांचें बरें आहे. पाप करावें, सैतानाच्या माथीं मारावें, पाद्रीपुढें गुडघे टेकून मोकळें व्हावें.' ज्याला त्या धर्माची थोडीही माहिती आहे त्याला हें म्हणणें पटणार नाहीं.

आमच्या घराजवळच्या इगर्जीचे एक वृद्ध पाद्रीबाब माझ्या वडिलांकडे पोथ्या पाहावयास येत. फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण त्यांना जवळजवळ मुखोद्गत होतें. हा स्टीफन्स जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टींत राहिला, आणि आपल्या धर्माची कथा त्यानें मराठी ओवींत रचली. राचोल येथें १६१६ सालीं ती छापली गेली. आपल्या पुराणांच्या घाटावर बायबल सांगणारा हा ग्रंथ पाद्रीबाब आमच्या ओसरीवर बसून वाचीत, आणि आदम-एवेच्या प्रसंगापाशीं आले म्हणजे हमखास थांबत. फळ खाल्ल्यावर परमेश्वर विचारतो, तेव्हां आदम बायकोकडे बोट दाखवितो आणि बायको सर्पाकडे. पाद्रीबाब हंसून म्हणत, 'आणि सर्पाला कोणी विचारलेंच नाहीं!' बायबलांत खरोखरच सर्पाला प्रश्न नाहीं, सरळ शाप आहे. पण शाप सर्पाला मिळाला म्हणून ती दोघें सुटलीं नाहींत. प्रत्येकाला आपापली शिक्षा वेगळी मिळाली.

ख्रिस्ती शास्त्राचें सारें मर्म येथें आहे. सैतान भुरळ घालील, मनांत विचार सोडील. पण माणसाची इच्छा त्याच्या हातीं नाहीं. कॅथलिक मत असें कीं, महापाप घडण्यास तीन गोष्टी लागतात: कृत्य गंभीर हवें, तें पाप आहे याची पुरती जाणीव हवी, आणि मनाची पूर्ण संमती हवी. ही संमति दुसरा कोणी देऊं शकत नाहीं. संत ऑगस्टीन तरुणपणीं नऊएक वर्षें मानी नांवाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथांत होता. जगांत प्रकाश आणि अंधार अशीं दोन स्वतंत्र तत्त्वें आहेत, असें त्या पंथाचें म्हणणें. पुढें आत्मचरित्रांत त्यानें लिहिलें आहे कीं, पाप करणारा मी नव्हे, माझ्यांतलें दुसरेंच कांहीं आहे, हा विचार माझ्या अहंकाराला गोड वाटत असे. तें गोड वाटणें सोडून तो ख्रिस्ती झाला. म्हणूनच प्रार्थनेंत आपला अपराध उच्चारतांना ख्रिस्ती माणूस आपल्याच छातीवर मूठ आपटतो, शेजाऱ्याच्या नव्हे.

शास्त्र असें असलें तरी माणसें माणसेंच. कुमसाराविषयीं बोलतांना पाद्रीबाब एकदां म्हणाले, 'बाब, कुमसाराक येतात तांतले चडशे आपलीं न्हय, शेजाऱ्याचीं पातकां सांगतात.' चाळीस वर्षें कान देऊन त्यांनीं काढलेला हा निष्कर्ष होता.

शेजाऱ्याचें पाप सांगण्याची ही खोड एखाद्या राज्यानें कायद्यांत बसविली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण सेलमचें. १६९२ च्या आरंभीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतींत, सेलम नांवाच्या खेड्यांत, तेथील धर्मोपदेशक सॅम्युअल पॅरिस याची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊं लागले. त्या किंचाळत, अंग पिळवटीत. कोणी चेटूक केलें, असें सर्वांनीं ठरविलें, आणि मुलींना नांवें विचारलीं. पहिलीं तीन नांवें कोणाचीं निघालीं पाहा: पॅरिसच्या घरची टिट्युबा ही गुलाम बाई, दारोदार भीक मागणारी सारा गुड, आणि आजारानें प्रार्थनेस न येणारी सारा ऑस्बर्न. ज्यांच्या बाजूनें बोलायला गांवांत कोणी नव्हतें, त्यांच्याच घरीं सैतान प्रथम गेला!

पुढें हा वणवा पसरला. दीडशेंहून अधिक माणसें तुरुंगांत पडलीं. पुरावा कसला, तर आरोप करणारी मुलगी म्हणे, 'हिचें रूप रात्रीं माझ्या उशाशीं आलें आणि मला चिमटे काढले.' ती बाई त्या रात्रीं स्वतःच्या घरीं निजली होती, असें सांगून उपयोग नव्हता. कारण तिच्या संमतीवांचून सैतान तिचें रूप घेऊंच शकत नाहीं, असें मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन याचें मत होतें. म्हणजे संमतीचें जें तत्त्व माणसाला आपल्या कृत्याबद्दल जबाबदार धरण्यासाठीं सांगितलेलें, तेंच उलटें करून, न केलेल्या कृत्याबद्दल त्याला जबाबदार धरण्यासाठीं वापरलें. आणखी एक विपरीत गोष्ट अशी कीं, जे 'होय, मीं सैतानाशीं करार केला' असें खोटें कबूल करीत ते वांचत. जे खरें बोलत ते फांसावर जात. रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची धर्मशील म्हातारी. पंचांनीं तिला प्रथम निर्दोष ठरविलें. मुलींनीं आकांत केला, स्टाउटननें पंचांना फेरविचार करावयास सांगितलें, आणि त्यांनीं विचारलेला एक प्रश्न कानानें मंद असलेल्या त्या बाईला ऐकूं आला नाहीं. तें मौन कबुलीसारखें धरलें गेलें. १९ जुलैला तिला फांशीं दिलें. सप्टेंबरअखेर एकोणीस जण फांशीं गेले. आणि जाइल्स कोरी हा ऐंशींच्या घरांतला शेतकरी, न्यायासनापुढें उत्तर देण्याचें नाकारल्याबद्दल, अंगावर दगड रचून चिरडून मारला गेला.

या भ्रमाचें खापर सगळ्या ख्रिस्ती धर्मावर फोडतां येणार नाहीं. दहाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतल्या एका मठाधिपतीनें संकलित केलेल्या धर्मनियमांत, बायका रात्रीं आकाशांतून उडतात हा समजच सैतानाचा भ्रम होय, असें स्पष्ट म्हटलें आहे. पांचशेंहून अधिक वर्षांनीं, १४८४ मध्यें पोपच्या आज्ञापत्रानें आणि त्यामागून आलेल्या चेटकिणी-संहाराच्या ग्रंथानें वारें फिरलें. तरी आपल्या वाचकांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट सांगतों. इंक्विझिशन हा शब्द गोमंतकांत उच्चारला कीं अंगावर कांटा येतो, आणि तो यावाच. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडतां, तें न्यायासन येथें बसलें होतें. पण स्पेनमधल्या त्याच संस्थेचा एक अधिकारी, आलोन्सो दे सालासार, १६११ सालीं नवार प्रांतांत गांवोगांव हिंडला, चेटकाच्या शेंकडों कबुल्या एकेक करून तपासल्या, आणि चेटूक झाल्याचा एकही पुरावा सांपडला नाहीं, असें वरिष्ठांना कळविलें. चेटकाची चर्चा सुरू होईपर्यंत त्या गांवांत चेटकीण नव्हती, असें त्याचें निरीक्षण. १६१४ मध्यें वरिष्ठांनीं तें बहुतांशीं मानलें. ज्या हातांनीं आमचा छळ केला, त्याच घराण्यांतला एक हात येथें वांचविणारा निघाला, हें मान्य करण्यांत आपला कांहीं कमीपणा नाहीं.

सेलमलाही धर्मोपदेशकांनींच शेवटीं आवर घातला. इन्क्रीज मॅथर यानें ऑक्टोबर १६९२ मध्यें लिहिलें कीं, सैतान निरपराध माणसाचेंही रूप घेऊं शकतो, तेव्हां असल्या पुराव्यावर कोणाचा जीव घेऊं नये. महिनाअखेर गव्हर्नरनें तें न्यायासन मोडलें. सैतान या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थच मुळीं 'प्रतिपक्षी, आरोप करणारा' असा आहे; बायबलांतल्या ईयोबाच्या कथेंत तो देवाच्या दरबारांत उभा राहून एका सज्जनावर आळ घेतो. ग्रीक भाषेंतलें त्याचें नांव तर सरळ 'निंदक' या अर्थाचें. सेलमच्या न्यायमंदिरांत सैतान हजर होता असें कोणाला म्हणावयाचेंच असेल, तर तो आरोपीच्या पिंजऱ्यांत नव्हता, एवढें या व्युत्पत्तीवरून म्हणतां येईल.

पण माझें मन गुंततें तें पुढच्या भागांत. पांच वर्षांनीं, १४ जानेवारी १६९७ ला, वसाहतींत प्रायश्चित्ताचा उपास पाळला गेला. त्या दिवशीं न्यायाधीशांपैकीं एक, सॅम्युअल स्यूअल, बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरांत आपल्या जागीं उभा राहिला, आणि त्यानें लिहून दिलेला कागद उपदेशकानें सर्वांसमक्ष वाचला. आदल्या वर्षीं त्याच्या घरीं एक मूल मृत जन्मलें होतें आणि दोन वर्षांची मुलगी गेली होती. त्या न्यायासनाचा दोष आणि लाज मी आपल्या शिरावर घेतों, देवाची आणि माणसांची क्षमा मागतों, एवढाच त्या कागदाचा आशय. त्याच सुमारास बारा पंचांनींही क्षमापत्र लिहिलें. पण त्यांत अंधाराच्या शक्तींनीं आम्हांला भुलविलें असें म्हटलें आहे. १७०६ मध्यें अॅन पटनम हिनेंही क्षमा मागितली. ती बारा वर्षांची असतांना तिनें कित्येकांवर आरोप केले होते. तिनेंही सैतानाच्या भ्रमाचें नांव घेतलें. तिला मी कमी लेखीत नाहीं. ती त्या वेळीं लेंकरूं होती, आणि तिच्या नांवानें फिर्यादी करणारा बाप एव्हांना वारला होता. तरीसुद्धां स्यूअलच्या कागदांत सैतानाचा उल्लेखच नाहीं, ही गोष्ट मीं पुनःपुन्हां वाचून पाहिली आहे. सैतानावर त्याचा विश्वास नव्हता असें नव्हे, पुरता होता. फक्त आपल्या कर्माच्या हिशेबांत त्यानें त्याला भागीदार केलें नाहीं. याच माणसानें १७०० सालीं गुलामांच्या विक्रीविरुद्ध पुस्तिका लिहिली. स्टाउटननें मात्र मरेपर्यंत क्षमा मागितली नाहीं. त्याच्या नांवाचें एक गांव मॅसॅच्युसेट्समध्यें आजही आहे.

आपल्या धर्मांत असा सैतान नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत अर्जुन विचारतो कीं, इच्छा नसतां माणूस कोणाच्या बळानें पाप करतो. आणि उत्तरांत काम आणि क्रोध येतात, बाहेरचा कोणी येत नाहीं. वाल्या कोळ्याला बायकोमुलांनीं काय सांगितलें, हेंही घरोघर ठाऊक आहे. तरी आपल्यापाशीं साडेसाती आहे, प्रारब्ध आहे, 'कलियुग आहे, चालायचेंच' हें वाक्य आहे. आणि घाडी आहे.

माझ्या वडिलांची एक चुलत बहीण बालविधवा होती. आम्ही तिला आक्का म्हणत असूं. एका पावसाळ्यांत वाड्यावरचीं दोन मुलें एकाच महिन्यांत तापानें दगावलीं. घाड्यानें तांदूळ पाहून सांगितलें, 'आलवणाची सावली आहे.' नांव त्यानें घेतलें नाहीं. आलवण नेसणारी बाई वाड्यावर एकच होती. त्यानंतर कोणी तिला शिवी दिली नाहीं, कीं घराबाहेर काढलें नाहीं. बारशाचें आमंत्रण तेवढें येईनासें झालें. ती वाटेंत दिसली कीं आया मुलांना पदराखालीं घेत. तीस वर्षें ती देवीच्या दर्शनाला आरती संपल्यावर, मागच्या पाणंदीनें जात राहिली. पुढें मोठेपणीं मीं त्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारलें, तर त्या म्हणाल्या, 'आम्ही काय केलें? घाड्यानें सांगितलें.' घाड्याला विचारलें, तर म्हातारा शांतपणें म्हणाला, 'मीं कुठें नांव घेतलें? तांदळांनीं दाखविलें.' पाद्रीबाब त्या वेळीं हयात असते, तर सर्पाला कोणी विचारलें नाहीं म्हणून पुन्हां हंसले असते. देवीला कौल लावून पाऊस केव्हां पडेल हें विचारावें. शेजारीण कशी आहे हें विचारूं नये, एवढें मात्र मला आपल्या मंडळींना सांगावेंसें वाटतें. चेटकीण ठरवून बायकांना छळणें थांबविण्यासाठीं बिहारला १९९९ मध्यें कायदा करावा लागला, आणि महाराष्ट्रानें २०१३ मध्यें जादूटोणाविरोधी कायदा केला. हीं सालें कांहीं फार जुनीं नव्हेत.

सेलमच्या दोषींपैकीं एलिझाबेथ जॉन्सन नांवाची एक तरुणी फांसावरून वांचली होती, पण तिच्यावरचा ठपका कागदावर तसाच राहिला होता. नॉर्थ अँडोव्हर येथील एका शाळेंतल्या मुलांनीं तो शोधून काढला, खटपट केली, आणि २०२२ सालीं तेथील विधिमंडळानें तो पुसून टाकला. आक्काचें नांव कुठल्याच कागदावर नव्हतें.